कोल्हापूर ते नागपूर : अंतर किती आणि वेळ किती?

आपल्याकडे कुणाला अंतर विचारले की उत्तर किलोमीटरमध्ये येत नाही, तासांत येते. मिरजेतल्या एखाद्या बुजुर्गांना विचारा, ‘चाचा, नागपूर किती लांब?’ ते सांगतील, ‘आज दुपारी गाडीत बसलात तर उद्या दुपारी उतराल.’ हाच प्रश्न त्यांच्या नातवाला विचारला तर तो मोबाईलकडे बघून म्हणतो, ‘सातशे किलोमीटर. विमानाने दीड तास.’ आजोबांचे उत्तर बरोबर आहे आणि नातवाचेही. पण या दोन उत्तरांमधली जी जागा आहे, तिथेच अनेक घरांचे हिशेब चुकतात.

२०२५ मध्ये कोल्हापूर आणि नागपूर यांच्यात थेट विमानसेवा सुरू झाली आणि राज्याची दोन टोके एकमेकांच्या जवळ आली. नागपुरात शिकणारी मुले, मिरजेच्या दवाखान्यांत उपचारासाठी येणारे रुग्ण, इचलकरंजीच्या यंत्रमागांचा आणि कामठीच्या विणकरांचा सुताचा-कापडाचा व्यवहार, मिरजेहून देशभर जाणारी सतार आणि तंबोरे, आणि या सगळ्यांच्या पलीकडे आपल्या नात्यागोत्यांचे येणे-जाणे. लेक तिकडे दिली असेल तर आई-बापाच्या मनात अंतर रोजच मोजले जाते.

म्हणून या महिन्यात आम्ही हा एकच प्रश्न घेतला आहे. दोन विमानतळांमधले अंतर म्हणजे नक्की काय? प्रवासाची वेळ ठरते कशी? आणि घरात निर्णय घेताना यातला कोणता आकडा धरायचा?

दोन गावे, चार अंतरे

कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली तो सुरू झाला. नागपूरचा विमानतळ सोनेगावला आहे. या दोन्हींच्या मध्ये पृथ्वीच्या पाठीवरून सरळ दोरी ताणली तर ती सुमारे ७०२ किलोमीटर भरते. हे झाले पहिले अंतर, पक्ष्याच्या उड्डाणाचे.

रस्त्याने निघालात तर सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असे करत आठशे किलोमीटरहून अधिक होतात. हे दुसरे अंतर.

तिसरे अंतर रेल्वेचे, आणि ते ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरहून गोंदियाला जाते आणि एकाच राज्यात इतका लांब पल्ला मारणारी गाडी म्हणून ती ओळखली जाते. तिच्या मार्गाने कोल्हापूर ते नागपूर हे अंतर बाराशे किलोमीटरहून जास्त आहे! कारण ही गाडी पूर्वेला सरळ जात नाही. ती आधी मिरज, सांगली, सातारा करत उत्तरेला पुण्याकडे जाते. मग दौंड, अहमदनगर, मनमाड गाठून पूर्वेला वळते आणि जळगाव, भुसावळ, अकोला, वर्धा करत नागपूरला पोहोचते. सरळ रेषेच्या मानाने जवळजवळ पावणेदोन पट वाट. एक अख्खा दिवस त्यात जातो.

चौथे अंतर कुठल्याच नकाशावर छापलेले नसते. ते आपल्या घराच्या उंबरठ्यापासून समोरच्या घराच्या उंबरठ्यापर्यंतचे असते, आणि ते तासांत मोजावे लागते. आमचे सांगणे मुख्यतः या चौथ्या अंतराबद्दल आहे. पण आधी पहिले अंतर नीट समजून घेऊ.

मुलांना करता येईल असे गणित

मोबाईलवर अंतर लगेच दिसते, पण ते येते कुठून हे घरातल्या आठवी-नववीच्या मुलांना वही-पेन्सिलीने काढता येईल. सुटीच्या दिवशी करून बघा.

प्रत्येक ठिकाणाला अक्षांश आणि रेखांश असतात. कोल्हापूर विमानतळ साधारण १६.६७ उत्तर अक्षांश आणि ७४.२९ पूर्व रेखांशावर आहे. नागपूर विमानतळ २१.०९ उत्तर आणि ७९.०५ पूर्व. म्हणजे नागपूर कोल्हापूरपेक्षा सुमारे ४.४२ अंश उत्तरेला आणि ४.७६ अंश पूर्वेला आहे.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावरच १११ किलोमीटरचा असतो. ध्रुवाकडे जावे तसतशा रेखावृत्तांच्या रेषा जवळ येतात, त्यामुळे तो आखूड होत जातो. महाराष्ट्राच्या मध्यावर, १९ अंशांच्या आसपास, तो सुमारे १०५ किलोमीटर भरतो.

आता उत्तरेचे अंतर : ४.४२ गुणिले १११, म्हणजे सुमारे ४९१ किलोमीटर. पूर्वेचे अंतर : ४.७६ गुणिले १०५, म्हणजे सुमारे ५०० किलोमीटर. या झाल्या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू. शाळेत शिकवलेला पायथागोरसचा नियम लावला की कर्ण येतो सुमारे ७०१ किलोमीटर. संगणक पृथ्वीचा गोलावा धरून जे ७०२ काढतो, त्याच्या अगदी जवळ. लांबच्या देशांसाठी ही सोपी रीत चालणार नाही, कारण तिथे गोलाव्याचा फरक मोठा पडतो. राज्यातल्या राज्यात मात्र ती छान चालते.

वैमानिक मात्र किलोमीटर वापरत नाहीत. त्यांचे माप सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तो आला आहे अक्षांशाच्या अंशाच्या साठाव्या भागावरून. त्या मापाने कोल्हापूर-नागपूर ३७९ सागरी मैल होते. कुठे ‘३७९ मैल’ असे वाचलेत तर तो आपला साधा मैल नाही हे लक्षात असू द्या. साध्या मैलांत हे अंतर ४३६ आहे.

वाटेची वळणे आणि सरळ रेषा

रस्त्याचे अंतर आणि सरळ रेषेचे अंतर वेगळे असते, ही अडचण आजची नाही. हजार वर्षांपूर्वी अबू रैहान अल-बिरुनी यांच्यापुढे नेमकी हीच अडचण होती. ९७३ साली ख्वारिज्ममध्ये जन्मलेल्या या विद्वानाला गझनी शहराचे नेमके स्थान ठरवायचे होते, म्हणजे तिथून किबल्याची दिशा अचूक काढता आली असती. अक्षांश काढणे त्या काळीही जमत होते, कारण त्यासाठी सूर्याची उंची मोजली की भागते. रेखांश मात्र अवघड होता. बिरुनींनी बगदादपासून गझनीपर्यंत एकेका शहराची साखळी घेतली, काफिले चालत त्या वाटांची अंतरे घेतली, आणि वाट वेडीवाकडी असते म्हणून त्यातला काही भाग वजा करून सरळ अंतर धरले. त्यावरून त्यांनी रेखांशांचे फरक काढले. शहरांमधली अंतरे दुरुस्त करण्यासाठी स्थळांच्या सीमा ठरवण्यावरचा त्यांचा ग्रंथ १०२५ साली पूर्ण झाला. पंजाबात नंदना किल्ल्याजवळ त्यांनी डोंगराची उंची आणि क्षितिजाचा उतार मोजून पृथ्वीची त्रिज्याही काढली. तो डोंगर आज पाकिस्तानात आहे.

आपल्या भूमीचे अंतर आधुनिक रीतीने मोजण्याचे काम १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू झाले. विल्यम लॅम्टन यांनी जमिनीवर एक रेषा साखळीने मोजली आणि तिच्या आधाराने त्रिकोणांमागून त्रिकोण जोडत ते उत्तरेकडे सरकत राहिले. वीस वर्षे हे काम करून ते नागपूरच्या वाटेवर असताना, २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट इथे वारले. त्यांची कबर तिथेच आहे. नागपूरचा झिरो माईलचा स्तंभ याच सर्वेक्षणाची खूण आहे. आज बोटाच्या एका स्पर्शावर जो आकडा दिसतो, त्याच्या मागे अशी माणसे उन्हातान्हात चाललेली आहेत.

नागपूर देशाच्या साधारण मध्यावर असल्याचा उपयोग विमानांनीही करून घेतला. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्री नागपूरला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि सकाळपर्यंत परत जात. चारही दिशांचे अंतर जवळपास सारखे, म्हणून हे जमले.

विमानाची मिनिटे कशी ठरतात

आता वेळेकडे येऊ. छोट्या जेट विमानाचा वेग वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास असतो. ७०२ किलोमीटरला त्याने भागले तर ५३ मिनिटे येतात. मग तिकिटावर सव्वा तास किंवा दीड तास का लिहिलेला असतो?

कारण तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान आकाशात झेपावण्याची वेळ नव्हे. विमान आपल्या जागेवरून हलते ती वेळ तिथे लिहितात. पोहोचण्याची वेळ म्हणजे चाके धावपट्टीला टेकण्याची नव्हे, विमान थांब्यावर उभे राहण्याची. जागेवरून धावपट्टीपर्यंत जाणे, परवानगीची वाट पाहणे, वर चढताना कमी असलेला वेग, खाली येताना पुन्हा कमी केलेला वेग, धावपट्टीच्या दिशेला येण्यासाठी घेतलेला वळसा, हे सगळे मिळून अर्धा तास सहज जातो. शिवाय विमान सरळ दोरीवरून जात नाही. आकाशातही ठरलेले मार्ग असतात आणि त्यांनी अंतर थोडे वाढते. विमान कंपन्याही वेळापत्रकात थोडी सैल वेळ धरून ठेवतात.

विमान कोणते आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. लहान विमानतळांवर पंख्याची विमाने बरीच येतात. सत्तरेक आसनांचे असे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जाते. हेच अंतर त्याला हवेतच जवळपास दीड तास लागेल आणि वेळापत्रकात पावणेदोन तासांहून अधिक. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघण्याची सवय लावून घ्यावी.

वाराही हातभार लावतो. हिवाळ्यात नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. कोल्हापूरहून नागपूरला जाणारे विमान ईशान्येकडे जाते, म्हणून त्याला पाठीमागून मदत मिळते. परतीच्या विमानाला तोच वारा समोरून येतो. वाऱ्याने वेगात ताशी पन्नास-साठ किलोमीटरचा फरक पाडला तरी या अंतरावर जाता-येता सहा-सात मिनिटांचा फरक पडतो. एकाच मार्गाची जाण्याची आणि येण्याची वेळ वेगळी छापलेली दिसली तर त्याचे एक कारण हे असते.

घरापासून घरापर्यंत

समजा, इचलकरंजीहून अब्बा-अम्मींना कामठीला लेकीकडे जायचे आहे. विमान जवळपास दीड तासाचे. पण हिशेब असा मांडावा लागतो.

घरातून उजळाईवाडीला पोहोचायला, सामान चढवणे आणि वाटेतली गर्दी धरून, एक तास. विमानतळावर सुटण्याच्या वेळेआधी पावणेदोन ते दोन तास. सामान देण्याचे काउंटर देशांतर्गत प्रवासात साधारण एक तास आधी बंद होते आणि चढण्याचे गेट साधारण पंचवीस मिनिटे आधी. विमानात जवळपास दीड तास. उतरल्यावर सामान मिळून बाहेर यायला अर्धा तास. सोनेगाव शहराच्या नैऋत्येला आणि कामठी ईशान्येला, त्यामुळे नागपूर ओलांडून जायला आणखी एक तास.

बेरीज केली तर साडेपाच ते सहा तास होतात. हवेत असतो तो वेळ यात एक तासाच्या आसपास, बाकी सगळा जमिनीवर. सातशे किलोमीटर सहा तासांत म्हणजे ताशी सव्वाशेच्याही आत. तरीही रेल्वेच्या एका दिवसापुढे हा प्रवास खूपच आटोपशीर आहे. गुडघे दुखणाऱ्या आणि दर दोन तासांनी उठावे लागणाऱ्या माणसासाठी हा फरक मोठा आहे.

यातून एक नियम हाती येतो. विमानाच्या प्रवासात जमिनीवरचे चार-साडेचार तास अंतर कमी असो वा जास्त, लागतातच. म्हणून लांबच्या प्रवासात विमान जिंकते आणि जवळच्या प्रवासात हरते. कोल्हापूर-पुणे रस्त्याने साधारण चार-पाच तासांचे आहे. तिथे विमान असले तरी वेळ वाचत नाही. रस्त्याने आठ तासांच्या आत पोहोचता येत असेल तर आधी कागदावर बेरीज करावी आणि मग तिकीट काढावे.

चौथ्या अंतरातला सर्वांत मोठा आकडा मात्र पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. तो म्हणजे पुढच्या विमानाची वाट. लहान विमानतळांमधली विमाने बहुधा दिवसातून एकदाच असतात आणि काही मार्गांवर आठवड्यातले ठरावीक दिवसच. आज सकाळचे विमान गेले असेल आणि पुढचे परवा असेल, तर त्या दिवशी नागपूर दीड तासावर नाही, दोन दिवसांवर आहे. अशा वेळी दुपारी सुटणारी ती जुनी एक्स्प्रेसच सर्वांत जवळची ठरते. वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते. लहान मार्गांवर सेवा बंद पडणे किंवा दिवस बदलणेही नवीन नाही. मागच्या ईदला होते ते विमान या ईदला असेलच असे धरू नये.

थेट विमान नसेल तेव्हा

थेट विमान नसेल तर मुंबईमार्गे किंवा हैदराबादमार्गे जावे लागते. सरळ रेषांची बेरीज केली तर मुंबईमार्गे सुमारे ९९० किलोमीटर आणि हैदराबादमार्गे सुमारे ८८० किलोमीटर होतात. कागदावर हैदराबाद जवळचे दिसते. खरा फरक मात्र मधल्या थांब्याचा असतो. दोन तासांचा थांबा असेल तर बरे. सात तासांचा असेल तर किलोमीटर वाचल्याचा काही उपयोग नाही.

इथे एक काळजी घ्यावी. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असावेत. मग पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकले तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि सामानही बहुधा थेट शेवटच्या ठिकाणी जाते. थोडे पैसे वाचवण्यासाठी दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटे काढली, तर पहिल्याच्या उशिराशी दुसरीला देणेघेणे नसते. वयस्कर माणसे एकटी जात असतील तर हा धोका पत्करू नये. त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवावी.

उशीर झाला तर आपला हक्क

अंतर आणि वेळ यांचा संबंध आपल्या खिशाशीही आहे. २०१७ मध्ये उडान योजनेची पहिली विमाने सुटली, तेव्हा तासाभराच्या, म्हणजे साधारण पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला ठरावीक आसनांसाठी अडीच हजार रुपयांची मर्यादा घातली होती. २०१८ मध्ये कोल्हापूरचे विमान याच योजनेतून पुन्हा उडू लागले. या मर्यादा अंतराच्या टप्प्यांवर ठरतात. म्हणून योजनेतल्या मार्गावर लवकर तिकीट काढणाऱ्याचा फायदा होतो, कारण स्वस्त आसने मोजकी असतात.

विमान रद्द झाले तर मिळणारी भरपाईही उड्डाणाच्या छापील कालावधीवर ठरते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, कंपनीने वेळेत कळवले नसेल आणि दुसरी योग्य सोय केली नसेल, तर एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७,५०० रुपये आणि दोन तासांहून अधिक प्रवासाला १०,००० रुपये, किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. कोल्हापूर-नागपूर मधल्या गटात बसते. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर झाला तर प्रवाशांना खाण्यापिण्याची सोय द्यावी लागते. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, असा पर्याय असतो. धुके, वादळ, सुरक्षेचे कारण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या गोष्टींत भरपाई मिळत नाही. पैसे परत किंवा दुसरे विमान हा पर्याय मात्र तेव्हाही मागावा.

आपली माणसे बहुधा गप्प बसतात. ‘जाऊ दे, नशीब’ म्हणतात. सब्र चांगलाच आहे, पण काउंटरवर जाऊन शांतपणे आणि अदबीने आपला हक्क मागणे सब्राच्या विरुद्ध नाही. बोर्डिंग पास, तिकीट आणि कंपनीकडून आलेले संदेश जपून ठेवावेत.

सूर्याचेही अंतर

कोल्हापूर आणि नागपूर यांच्यात घड्याळ एकच, पण सूर्य एक नाही. नागपूर पावणेपाच अंश पूर्वेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणजे फरक झाला सुमारे १९ मिनिटांचा. त्यात ऋतूप्रमाणे भर पडते किंवा घट होते. जूनच्या अखेरीस नागपूरचा सूर्य कोल्हापूरच्या दहा-अकरा मिनिटे आधी मावळतो, तर डिसेंबरच्या अखेरीस अठ्ठावीस मिनिटांच्या आसपास आधी. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तेव्हा फरक वीस मिनिटांच्या आसपास असतो.

म्हणून नागपूरला उतरून कोल्हापूरच्या तक्त्यावर इफ्तार करायचा नसतो आणि नागपूरहून कोल्हापूरला आलेल्याने नागपूरच्या वेळेवर तर मुळीच नाही, कारण इथे सूर्य अजून वर असतो. सेहरीची वेळही नागपुरात आधी संपते, तीही ध्यानात ठेवावी.

विमानातच मगरिबची वेळ आली तर? नऊ-दहा किलोमीटर उंचीवरून क्षितिज खाली गेलेले असते. त्यामुळे जमिनीवर सूर्य मावळल्यानंतरही खिडकीतून तो बारा-तेरा मिनिटे दिसत राहतो. रोजेदार जिथे आहे तिथला सूर्य धरावा, असे आलिम सांगतात. म्हणजे खाली अजान झाली असेल तरी वर सूर्य दिसत असताना थांबावे. खजूर आणि पाणी मात्र हाताशी असू द्यावे. नमाजच्या कस्रबद्दल या प्रवासात शंका राहत नाही, कारण सरळ रेषा धरा की वाट, अंतर कुठल्याही मताने पुरेसे मोठे आहे. मुक्काम किती दिवसांचा यावरचा मसला मात्र आपल्या आलिमांना विचारून घ्यावा.

जनाज्याची वेळ ठरवताना

आता सर्वांत नाजूक गोष्ट. घरात कुणाचा इंतकाल झाला की पहिला फोन लांबच्या मुलाला किंवा भावाला जातो. तो म्हणतो, ‘मी विमानाने येतो, दीड तासात पोहोचतो, थांबा.’ घरचे थांबतात. मय्यत घरात, अंगणात बसलेली माणसे, कब्रस्तानात तयारी झालेली, आणि दीड तासाचे पाच होतात, पाचाचे आठ. येणारा तिकडे विमानतळावर तळमळतो आणि इकडे दफनाला उशीर होतो म्हणून बुजुर्ग अस्वस्थ होतात. यात दोष कुणाचाच नसतो. फक्त आकडा चुकीचा धरलेला असतो.

अशा वेळी येणाऱ्याला ‘किती तासांचे विमान?’ असे विचारू नका. ‘पुढचे विमान किती वाजता सुटते, तिकीट हातात आहे का, आणि तुम्ही दारात किती वाजता याल?’ असे विचारा. ही तीन उत्तरे मिळाली की घरातल्या मोठ्यांना इमामसाहेबांशी बोलून वेळ ठरवता येते. थांबायचे की नाही हे मग समजून-उमजून ठरते. येणाऱ्यालाही आधीच खरे कळले तर पोहोचू न शकल्याचे ओझे तो आयुष्यभर वाहत नाही. तो तिथूनच दुआ करतो आणि दुसऱ्या दिवशी कब्रीवर येतो.

आजारपणातही हाच हिशेब. शस्त्रक्रियेची तारीख, डायलिसिसची पाळी, तपासणीचा नंबर, या गोष्टी विमान ज्या दिवशी असते त्या दिवशीच येतील असे नाही. एक दिवस आधी पोहोचण्याचा बेत ठेवावा आणि परतीचे तिकीट डॉक्टरांशी बोलून काढावे.

एक कागद घरात असू द्या

लांबच्या गावी नातेवाईक असलेल्या प्रत्येक घराने एक साधा कागद करून ठेवावा. त्यावर त्या गावाला जाणाऱ्या रेल्वेची वेळ, रात्रीच्या बसची वेळ, विमान कोणत्या दिवशी आणि किती वाजता, आपल्या घरापासून विमानतळ किती वेळाचा आणि तिकडे विमानतळापासून घर किती वेळाचे, हे लिहावे. शेवटी प्रत्येक साधनासमोर दारापासून दारापर्यंतचे एकूण तास. मुलांकडून लिहून घ्या, त्यांना गणितही येईल आणि नातीही कळतील. मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस तो कागद एकदा तपासा.

कोल्हापूर आणि नागपूर यांच्यामध्ये ७०२ किलोमीटर कालही होते आणि उद्याही राहतील. आपल्या हाती आहे ते एवढेच, की गरज पडेल त्या दिवशी खरा आकडा घरात तयार असावा. सफरीला निघताना दुआ करावी, निघण्याआधी बेरीज करावी, आणि पोहोचल्यावर घरी एक फोन जरूर करावा. दारात वाट बघणाऱ्यांसाठी सफर तेव्हाच संपते.